डॉक्टरसाहेबांच्या गळ्यातली गाठ

बीडच्या पेठेत माझं शिवणकामाचं दुकान होतं. तेव्हा राज्य निजामाचं. कचेरीतले कारकून, पेशकार, वकील, शाळेतले मास्तर, सगळ्यांना शेरवानी लागायची, त्यामुळं माझे हात शेरवानीलाच सरावले होते. बंद गळा, पुढं सात बटणं, गुडघ्याखाली घेर. डोळे मिटून कापली असती तरी चुकली नसती. कामाचा कंटाळा आला होता असं म्हणवत नाही, कारण त्याच कामावर घर चालत होतं. पण चाळिशी गाठायच्या आधीच माझी मान कायमची पुढं वाकली होती, आणि सकाळी दुकानाच्या कुलपाला किल्ली लावायच्या आधी मी घटकाभर पायरीवर बसून घ्यायचो.

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर रुजू झाले. मराठी बोलणारे, हैदराबादेत शिकलेले, पन्नाशीच्या आसपासचे. पत्नी वारलेली. एकच मुलगी, ती परभणीकडं दिलेली. माणूस अंगानं सडपातळ आणि चेहरा लांबट. इथपर्यंत विशेष काही नव्हतं. पण त्यांचा पोशाख पाहायला पेठेतले लोक हातातलं काम टाकून उठायचे. राखी कोट, आत जाकीट, पांढराशुभ्र शर्ट, पुठ्ठ्यासारखी कडक कॉलर, आणि त्या कॉलरला आडवी बांधलेली रेशमी गाठ. बो. कधी गडद निळा पांढऱ्या ठिपक्यांचा, कधी काळपट तांबडा. हे नाव आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं. पंखांच्या आकारावरून पेठेनं चार दिवसांत त्याचं नाव पाकोळी ठेवलं आणि डॉक्टर झाले पाकोळीवाले डॉक्टर.

एक दिवस ते स्वतः दुकानात आले. खिशातून निळा बो काढून माझ्या मशीनवर ठेवला. गाठ सोडलेली होती, त्यामुळं नुसती एक लांब पट्टी. मधे बोटभर रुंद, दोन्ही टोकांना फुगलेली. जिथं गाठ बसत असे तिथं रेशीम विरून आतलं कापड दिसत होतं.

"मास्टर, असाच दुसरा शिवता येईल का?"

"सायब, आदी हे हाय काय ते कळू द्या," मी म्हणालो. "उसवून बगू का?"

"उसवा की. उसवल्याशिवाय कसं कळणार?"

आपली वस्तू उसवायला देणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. तेवढ्यावरूनच मला तो माणूस आवडला.

पहिला बो मी सरळ कापडाचा केला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी तो घालून दवाखान्यात गेले आणि संध्याकाळी परत घेऊन आले. दुपारपर्यंत गाठ ढिली पडून एक पंख खाली लोंबत होता. दुसऱ्याला मी आत जाड कापड घातलं. तो दुमडलेल्या पोळीसारखा फुगून बसला. डॉक्टर तोही दिवसभर घालून फिरले. लोक हसले असतील, पण त्यांनी ते मला सांगितलं नाही. मग मी जुना बो पुन्हा उजेडात धरून पाहिला, तेव्हा कुठं ध्यानात आलं की त्याच्या विणीचे धागे तिरपे चाललेत. कापड उरेब कापलेलं होतं. उरेब कापलेलं कापड ताणलं तर थोडं देतं आणि गाठीत घट्ट बसतं. पायजम्याला मी हजारदा उरेब काप घातला होता, पण चार बोटांच्या रेशमात तो असेल असं मनात आलं नव्हतं. तिसरा बो जमला. डॉक्टरांनी दुकानातल्या लहान आरशात बघून तो बांधला, दोन्ही टोकं धरून किंचित ओढली आणि म्हणाले, "आता हे बांधायलाही शिका. शिवणाऱ्याला बांधता आलं नाही तर कुठं चुकलं ते कळत नाही."

"सायब, मी कुटं घालू हे? माझ्या सदऱ्याला कॉलरच न्हाई."

"मांडीला बांधा. गुडघ्याच्या जरा वर. गळ्याइतकीच जाडी असते तिथं. मीही तसाच शिकलो."

त्यांना हे सिकंदराबादच्या छावणीतल्या एका गोऱ्या डॉक्टरनं शिकवलं होतं, त्याच्या हाताखाली ते काही वर्षं होते. त्या माणसाचं एकच सांगणं असायचं, की जखमेवर वाकणाऱ्यानं गळ्यात लांब टाय घालू नये. तो पुढं लोंबतो, पू-रक्तात बुडतो आणि तसाच दुसऱ्या रोग्याकडं जातो. म्हणून बो. डॉक्टरांनी हे मला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. पेठेला जे नखरे वाटत होते त्यामागं एक साधी गरज होती. अर्थात नुसती गरजच होती असंही नाही. आरशासमोर ते जितका वेळ घालवत तितका रोगी वाचवायला लागत नसावा.

मी घरी ओसरीवर बसून धोतर वर सारलं आणि मांडीला पट्टी बांधायला लागलो. उजवं टोक डाव्यावरून, खालून वर, मग एक टोक दुमडायचं, दुसरं त्यावरून सोडायचं आणि मागच्या फटीतून आत सारायचं. ते सारणं काही जमेना. तेवढ्यात बायको विहिरीवरून घागर घेऊन आली. मला मांडी आवळून बसलेलं पाहिलं आणि तिनं घागर तिथंच टेकवली.

"अवो, काय झालं? इचू चावला का?"

ती शेजाऱ्याला हाक मारायला वळलीही होती. विष वर चढू नये म्हणून मी पाय आवळलाय, असं तिला वाटलं. मी हसत सुटलो. खरं कळल्यावर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मग कावून बांदायलाव?"

"डॉक्टरची पाकोळी हाय. शिकायलोय."

"तुमाला कुटं लग्नाला जायचंय ती घालून," म्हणाली आणि घागर उचलून आत गेली. मला आठवतं तसं, आमच्या घरात त्या बोवरून झालेलं ते शेवटचं हसणं.

पुढची चार-पाच वर्षं डॉक्टरांचे सगळे कपडे माझ्याकडंच होते. मापं घेताना ते बोलायचे आणि मी ऐकायचो. बो चेहऱ्याच्या मापानं हवा, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपलीकडं गेला की माणूस विदूषक दिसतो. कोटाची छातीवरची उलटी पट्टी रुंद असेल तर बोही थोडा रुंद, अरुंद असेल तर अरुंद. लांब टायखाली शर्टाची बटणपट्टी झाकते, बो घातला की ती उघडी पडते, म्हणून शर्टाच्या पुढच्या भागाला इस्तरी अशी हवी की एकही चूण दिसू नये. काळा रेशमी बो संध्याकाळचा, दिवसा काम करणाऱ्यानं तो घालू नये. उन्हाळ्यात सुती. मी एकदा औरंगाबादच्या हिमरूच्या उरलेल्या तुकड्याचा बो करून त्यांना दिला, वेलबुट्टीचा, फार मन लावून केलेला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "काम सुरेख आहे मास्टर. पण हा घातला तर रोगी माझ्याशी बोलायचे सोडून माझ्या गळ्याशी बोलतील." आणि जपून कागदात गुंडाळून खिशात ठेवला. परत मात्र दिला नाही.

मग एका थंडीत, सकाळी दुकान उघडायच्या वेळेला, त्यांच्या स्वयंपाक्यानं चिठ्ठी आणली. अक्षर वेडंवाकडं होतं. ताबडतोब या, एवढंच.

डॉक्टर घरात आरशासमोर खुर्चीवर बसले होते. शर्ट अंगात, जाकिटाची बटणं खालीवर लागलेली, कॉलर एका बाजूनं सुटलेली. बो मांडीवर पडला होता. उजवा हात त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला होता आणि बोटं अशी आत वळली होती, जशी झोपलेल्या माणसाची वळतात.

"हातावरून वारं गेलंय," ते म्हणाले. आमच्या लोकांचा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला असावा. "हलकं आहे. बोलता येतं, चालता येतं. चार दिवस घरी बसून पाहिलं, बोटं काही उघडत नाहीत. तुम्हाला बांधता येतो ना?"

"मांडीला येतो."

"मग आता गळ्यात बांधा."

मी समोर उभा राहून बांधायला गेलो तर सगळं उलटं. माझा उजवा त्यांचा डावा. दोनदा गाठ भलतीच बसली. मग ते म्हणाले, मागं उभे राहा आणि आरशात बघा. खुर्चीची पाठ उंच आणि मी उंचीला कमी. स्वयंपाक्याचा बसायचा पाट आणून त्यावर उभा राहिलो, त्यांच्या खांद्यांवरून हात पुढं घेतले आणि आरशात त्यांच्या गळ्याकडं बघत गाठ बांधली. माझी हनुवटी जवळजवळ त्यांच्या डोक्याला लागत होती. त्यांच्या केसांना साबणाचा वास होता. माझ्या बापाच्याही मी कधी इतक्या जवळ उभा राहिलो नव्हतो.

बांधून झाल्यावर ते म्हणाले, "मला वजिफ्यावर, पेन्शनीत, जायला पावणेतीन वर्षं आहेत. चिरफाड मी आजपासून बंद केली. तसल्या केसेस औरंगाबादेला पाठवीन. टाके, पट्ट्या कंपाउंडर घालेल, त्याचा हात चांगला आहे. माणसाची जीभ बघायला, डोळा बघायला, चार प्रश्न विचारायला उजवा हात लागत नाही. सही डाव्यानं शिकेन. फक्त ही गाठ डाव्यानं होत नाही. आणि पंचवीस वर्षं जो माणूस बो घालून आला तो एक दिवस उघड्या गळ्यानं आला, की सगळे आधी गळ्याकडं बघतील आणि मग हाताकडं."

"मी रोज येतो," मी म्हणालो.

बोलताना काही वाटलं नाही. रोज म्हणजे किती, हे मागाहून कळत गेलं.

दुकान नदीच्या एका अंगाला, डॉक्टरांचं घर दुसऱ्या अंगाला. उन्हाळ्यात बिंदुसरा कोरडी, वाळूतून सरळ जाता यायचं. पावसाळ्यात धोतर कंबरेला खोचून, वहाणा हातात घेऊन पाण्यातून जायचो. सकाळी उठायचं, जायचं, कॉलर लावायची, मागचं बटण, पुढचं बटण, बो, जाकीट, कोट, आणि परत येऊन दुकान उघडायचं. तोवर गिऱ्हाईक पायरीवर बसलेलं. हुजूरांच्या, म्हणजे निजामाच्या, वाढदिवसाला कचेरीत दरबार असायचा, त्या दिवशी सगळ्या अंमलदारांना शेरवानी, डोक्याला दस्तार आणि कंबरेला बगलूसाचा पट्टा. मला वाटलं त्या दिवशी तरी सुटी मिळेल. पण शेरवानीची सात बटणं आणि गळ्याचा हूक कोण लावणार? त्या दिवशी उलट दुप्पट वेळ गेला.

पेठेत कुणी विचारलं तर मी मापाला गेलतो म्हणायचो. रोज मापाला जाणाऱ्या शिंप्यावर लोकांनी किती दिवस विश्वास ठेवला कुणास ठाऊक. बहुधा कुणी एवढा विचारच केला नसेल.

सकाळी आम्ही फार बोलत नसू. ते कधी माझा खोकला ऐकून पाठीला कान लावायचे. कधी म्हणायचे, मास्टर, तुमचे डोळे उतरत चाललेत, सुई ओवताना लांब धरता. मी आरशात त्यांच्याकडं बघायचो आणि ते माझ्याकडं. समोरासमोर आम्ही फार थोडं बघितलं.

दुसऱ्या वर्षी माझे सासरे वारले. उमापूरला. बायको खूप रडली, सगळ्यात धाकटी होती ती. आम्ही बैलगाडीनं गेलो. डॉक्टरांना मी कळवलं होतं, त्यांनी तीन दिवस रजा टाकली. चौथ्या दिवशी मी निघायची तयारी करायला लागलो तेव्हा दहावा अजून व्हायचा होता. बायको चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "जावा तुमी. त्या पाकोळीला तुमच्याबिगर कोन हाय?"

मी हलक्या आवाजात म्हणालो, "असं काय बोलायलीस? माणसाचा हात गेलाय."

"मी कुटं न्हाई म्हनलं? जावा की."

मेहुणे, भावकी, सगळे बघत होते. मी गाडीत बसलो. दहाव्याला जावई हजर नाही हे उमापुरात पुढं कित्येक वर्षं बोललं गेलं, आणि मला त्याचं उत्तर कधीच देता आलं नाही, कारण खरं सांगायची मला मुभा नव्हती. परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदा डॉक्टरांवर चिडलो. त्यांनी मला बोलावलं नव्हतं. रजा वाढवता आली असती का, ते मी विचारलंही नव्हतं. तरी चिडलो.

त्याच वर्षी हैदराबादेहून एक वरिष्ठ डॉक्टर मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, यायचे होते. दवाखाना धुऊन काढला, भिंतींना चुना लागला. त्या सकाळी मी निळा बो अगदी मापात बांधला. दोन्ही पंख सारखे, गाठ बरोबर मधोमध. डॉक्टरांनी आरशात बघितलं.

"जरा वाकडा करा."

"कावून? इतका झ्याक बसलाय."

"म्हणूनच. स्वतःच्या हातानं बांधलेला बो थोडा वाकडाच असतो."

मी एक पंख बोटानं खाली ओढला. मग डाव्या हातात काठी आणि उजवा हात कोटाच्या खिशात, असे ते निघाले. मी कसलंसं कापड काखेत मारून दवाखान्याच्या ओसरीवर जाऊन बसलो, जसा पडद्यांचं माप घ्यायला आलोय. वरिष्ठ साहेबांनी सगळं फिरून पाहिलं. औषधांची कपाटं पाहिली, रोग्यांना विचारलं, आणि निघताना उर्दूत हसून म्हणाले, "आपण अजून बो सोडला नाही. आमच्या तर बोटांना आता कंटाळा येतो." डॉक्टर फक्त हसले. शेरा चांगला मिळाला.

मला वाटलं होतं ते खूश होतील. ते घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मास्टर, हा काढा." मी गाठ सोडली. ते डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले. मला परत जाऊन तीन शेरवान्या पुऱ्या करायच्या होत्या, लग्नसराई तोंडावर होती. पण उठवेना. त्या दिवशी त्या खोलीत आम्ही दोघंही सारखेच थकलेले होतो, एवढं मला आठवतं.

पुढच्या पावसाळ्यात मला ताप यायला लागला. एक दिवस नदीतून जाताना पाय घसरला आणि गुडघा सुजला. लंगडत गेलो, पाटावर चढताना तोंडातून हाय निघालं. डॉक्टरांनी आरशातून बघितलं. त्याच आठवड्यात दुकानात बसून मी एक बो शिवला. निळा, ठिपक्यांचा. गाठ बांधून ती आतून टाक्यांनी पक्की केली, पट्टी मागं कापली आणि एका टोकाला हूक, दुसऱ्याला त्याची कडी लावली. पुढं हनुवटीनं दाबून धरायचा आणि एका हातानं मागं अडकवायचा. दिसायला काडीचा फरक नाही. मी स्वतःला सांगितलं, हे त्यांच्या सोयीसाठी आहे. अर्धं खरंही होतं ते.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला. हुकावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"हैदराबादेत बँडवाले घालतात असले," ते म्हणाले.

"सायब, एका हातानं लागतो. माझा गुडगा..."

"दिसतंय मला. तुम्ही चांगलं केलंत. कॉलर-बटणं स्वयंपाकी लावील, हूक मी लावीन. आज बांधा, उद्यापासून येऊ नका."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोललो असतो. मी बांधला, नेहमीसारखा, आणि पाट भिंतीशी उभा करून निघालो.

पहिले चार दिवस मी सकाळी पडून राहिलो. बायकोनं गुडघ्याला एरंडाचा पाला शेकून बांधला. वेळेवर दुकान उघडायला लागलो. कामं हातावेगळी व्हायला लागली. मग आठवड्याभरानं डॉक्टर पेठेतून टांग्यातून जाताना दिसले. हुकाचा बो गळ्यात होता, पट्टीनं आखल्यासारखा सरळ. मी पायरीवरून लोकांकडं बघत राहिलो. पानवाल्यानं रामराम केला, वकिलांनी टोपीला हात लावला, एका म्हातारीनं टांगा थांबवून नातीची खरूज दाखवली. कुणाच्याही काही ध्यानात आलं नाही. पावणेतीन वर्षांपैकी दोन वर्षांहून जास्त दिवस मी ज्याच्यासाठी नदी ओलांडली होती, त्यातला फरक बीडमधल्या एकाही माणसाला कळला नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. मी आत जाऊन मशीनवर बसलो आणि त्या दिवशी दोनदा सुई मोडली.

महिनाभरात कंपाउंडर शर्टाच्या मापाला आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब चालले. मुदतीच्या आधीच अर्ज दिला त्यांनी. तीन महिन्यांची कळ निघाली नाही."

मी तसाच उठून नदीपलीकडं गेलो. डॉक्टर पुस्तकं बांधून घेत होते. गळ्यात काही नव्हतं, अंगात नुसता सदरा.

"सायब, माझ्यामुळं का?" मी दारातूनच विचारलं.

ते हसले. मला बसायला सांगितलं, समोरासमोर.

"तुमच्यामुळंच म्हणा. तो हूक लावायला पहिल्या दिवशी मला अर्धी घटका लागली. वाटलं, सवय नाही. पंधरा दिवसांनी एक घटका लागायला लागली. मग कळलं की डावा हातही चाललाय. तुम्ही बांधत होता तोवर मला डावा हात वर करून बारीक काही करायची वेळच आली नव्हती. परवा युसूफ वडगावाकडची एक बाई तान्हं लेकरू घेऊन आली. मी त्याची नाडी धरली आणि मला काहीच लागेना. मला वाटलं लेकरू गेलं. बाईच्या तोंडाकडं बघवेना. कंपाउंडरनं हात लावला आणि म्हणाला, साहेब, चांगली चालू आहे. लेकरू बरं आहे आता. पण मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. लिहिला म्हणजे, सांगितला आणि त्यानं लिहिला."

मी म्हणालो, "मी मदत म्हनून येत होतो."

"मदतच होती ती. चांगली सवय लावलीत. त्यातच दोन वर्षं निघून गेली."

याचा अर्थ आभार की बोल, ते मला आजही नीट ठरवता येत नाही. त्यांनी बहुधा दोन्ही एकदमच म्हटलं असावं.

आठ दिवसांनी जावई त्यांना न्यायला आला. जालन्यापर्यंत मोटार, तिथून आगगाडी. निघायच्या सकाळी मी गेलो होतो, पण घरात इतके लोक होते की मला खोलीत जाता आलं नाही. जावयानंच त्यांना कोट घातला. टांग्यात बसताना त्यांनी मला पाहिलं आणि मान हलवली. मीही हलवली. बायकोही आली होती, हे मला मागाहून कळलं. ती बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती.

परभणीचा पत्ता त्यांनी कागदावर लिहवून मला दिला होता. पत्र टाकायचं मी मनात धरलं होतं. गुडघा कसा आहे ते सांगायचं, आणि ते कसे आहेत, जेवण कोण भरवतं, ते विचारायचं. माझं अक्षर बरं नव्हतं, पण लिहिता येत होतं. लग्नसराई संपली की लिहू म्हटलं. मग ईद आली, सगळ्या शेरवान्या एकदमच लागायच्या. मग दिवाळी. बायको अधूनमधून विचारायची, "त्या डॉक्टरचं काई कळलं का?" मी म्हणायचो, लिहायचंय. ती म्हणायची, "लिवा मग." अशी दीड वर्षं गेली.

मग कंपाउंडरनंच येऊन सांगितलं, की ते गेले, उन्हाळ्यातच गेले, मुलीनं दवाखान्यात कळवलंय. मी तेव्हा एका पेशकाराच्या शेरवानीला काज करत होतो. कंपाउंडर निघून गेला. काज अर्धं राहिलं होतं, ते पुरं केलं. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि दारात येऊन बसली. मी तिच्या शेजारी बसलो. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती उठून आत गेली.